‘तू झोप, मी बाटली देतो’: एका नव्या बाबाला स्तनपान शिकवताना

बाळ सहा दिवसांचं होतं. जन्माचं वजन २,९०० ग्रॅम, तिसऱ्या दिवशी २,६६० आणि माझ्यासमोर काट्यावर ठेवलं तेव्हा २,६९०. आई पहिलटकरीण. कळा लांबल्या होत्या आणि शेवटी सिझेरियन करावं लागलं होतं. दोन्ही बोंड्यांना चिरा पडलेल्या. बाळाला जवळ घ्यायची वेळ झाली की तिचे खांदे आपोआप वर चढत होते. प्रत्येक वेळी अंगावर पाजून झालं की बाळाला ३० मिलिलिटर पावडरचं दूध बाटलीने दिलं जात होतं. ते सुरू करण्याचा निर्णय बाबांचा होता आणि तो त्यांनी निव्वळ मायेपोटी घेतला होता.

मी स्तनपान समुपदेशक म्हणून काम करते. या कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. वैद्यकीय दृष्टीने पाहिलं तर प्रकरण नेहमीचंच होतं: बाळाने स्तन तोंडात धरण्याची उथळ पकड, जरा उशिरा उतरलेलं दूध आणि त्यावर घाईने सुरू झालेलं वरचं दूध. लिहावंसं वाटलं ते बाबांमुळे. त्या घरात सर्वांत जास्त जागरण करणारा आणि पडेल ते काम करायला तयार असलेला माणूस तोच होता. तरीही गरोदरपणापासून त्या दिवसापर्यंत स्तनपानाबद्दल जे काही सांगितलं गेलं, ते सगळं आईला उद्देशून होतं. बाबा प्रत्येक वेळी शेजारच्या खुर्चीत बसलेले होते.

तिसरी रात्र

सिझेरियननंतर, विशेषतः पहिल्या बाळंतपणात, दूध उतरायला थोडा उशीर होऊ शकतो. वार (प्लॅसेंटा) बाहेर पडली की शरीरातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरतं आणि साधारण दोन ते चार दिवसांत स्तन भरून येतात. तोवर बाळाला मिळतो तो चीक. एका वेळी काही मिलिलिटरच असतो, पण पहिल्या दिवसांत बाळाचं पोटही तेवढंच घेतं. या काळात वजन थोडं उतरतंच. इथे २४० ग्रॅम उतरलं होतं, म्हणजे सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास. दहा टक्क्यांच्या पलीकडे गेलं असतं तर डॉक्टरांनी लगेच तपासून वरचं दूध द्यायचं की नाही ते ठरवायला हवं होतं. सव्वाआठ टक्क्यांना हवं होतं ते पाजण्याकडे नीट लक्ष आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन.

मिळाली ती एक लांबलचक रात्र. बाळ तासातासाला रडत होतं, आई टाक्यांच्या दुखण्याने कळवळत होती. पहाटेच्या सुमारास ती म्हणाली, “माझ्याकडे दूधच नाहीये.” बाबांनी उत्तर दिलं, “तू झोप, मी बाटली देतो.” बाळ ३० मिलिलिटर प्यायलं आणि सलग साडेतीन तास झोपलं. त्या झोपेने दोघांचीही खात्री पटली की दूध खरंच कमी होतं.

हा निष्कर्ष किती साहजिक आहे हे मला समजतं, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल नव्या बाबांशी आधीच बोलायला हवं असं मला वाटतं. एकदम पोटात गेलेलं पावडरचं दूध पचायला वेळ घेतं, त्यामुळे बाळ जास्त वेळ झोपतं. आधी आईकडे दूध होतं की नव्हतं, हे त्या झोपेवरून कळत नाही. मात्र त्या साडेतीन तासांत स्तनातून काहीच बाहेर पडलं नाही. दूध जितकं बाहेर निघतं तितकं बनतं. आत साचून राहिलं तर शरीर उत्पादन कमी करतं. पहिल्या दोन आठवड्यांत ही सांगड बसत असते, म्हणून तेव्हाची प्रत्येक बाटली पुढच्या दिवसाच्या दुधातून वजा होते. आईला विश्रांती द्यायला निघालेल्या बाबांच्या हातून नकळत दूधच कमी होत होतं. सहाव्या दिवशी बाळ दिवसाला आठ बाटल्या, म्हणजे २४० मिलिलिटर वरचं दूध घेत होतं. त्या वजनाच्या बाळाला दिवसभरात साधारण ४०० मिलिलिटर लागतं. निम्म्याहून जास्त गरज बाटलीतून भागत होती.

वही

बाबांनी सोबत एक वही आणली होती. दर पाजण्याची वेळ, उजवी बाजू किती मिनिटं, डावी बाजू किती मिनिटं, बाटली किती, सगळं व्यवस्थित आखलेल्या रकान्यांत. ती पाहून मला हायसं वाटलं. जो माणूस इतकं टिपून ठेवतो त्याला शिकवणं सोपं असतं, फक्त काय टिपायचं ते बदलावं लागतं.

मिनिटांवरून काहीच कळत नाही. एखादं बाळ चाळीस मिनिटं तोंडात बोंडी धरून झोपलेलं असतं, एखादं बारा मिनिटांत पोटभर पिऊन बाजूला होतं. कळतं ते गिळण्यावरून. दूध उतरू लागलं की सुरुवातीची भराभर चोखणी थांबते आणि हनुवटी संथ, खोल हलू लागते; तोंड पूर्ण उघडलं की क्षणभर थांबते आणि मग हलका ‘क’ असा गिळल्याचा आवाज येतो. आणखी कळतं ते लंगोटावरून. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा भरपूर, फिकट रंगाची शू आणि तीन-चार वेळा पिवळी, पातळ शी. पहिल्या दिवसांची काळपट शी चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी झाली नसेल तर बाळाच्या पोटात पुरेसं दूध जात नाही, हे समजून वजन करून घ्यावं.

त्यांच्या वहीत लंगोटाचा रकानाच नव्हता. लंगोट तेच बदलत होते, त्यामुळे मी तोंडी विचारलं. आदल्या दिवशी पाच शू आणि दोन शी, रंग हिरवट-पिवळा. म्हणजे सगळं आटोक्यात होतं, पण थोडं मागे. वहीचं पान आम्ही तिथेच नव्याने आखलं: कितीदा पाजलं, गिळताना ऐकू आलं का, शू, शी आणि त्याचा रंग. मिनिटं काढून टाकली.

बाजूने दिसतं ते

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे बाबा आईपेक्षा चांगल्या जागी बसलेले असतात.

पाजताना आई वरून खाली पाहते. तिला बाळाचं कपाळ, नाक आणि वरचा ओठ दिसतो. पकड चांगली की उथळ हे ठरतं खालच्या बाजूला, जिथे तिची नजर पोचत नाही. शेजारी बसलेल्या माणसाला मात्र ते स्वच्छ दिसतं. हनुवटी स्तनात रुतली आहे का, खालचा ओठ बाहेर वळला आहे की आत दुमडला आहे, बोंडीभोवतीचा गडद भाग खालच्या बाजूने जास्त आत गेला आहे का, बाळाचं पोट आईच्या अंगाला टेकलं आहे की ते मान वळवून पितंय. मी बाबांना खुर्ची सोडून आईच्या कोपराच्या उंचीवर खाली बसायला सांगितलं आणि दिसतंय ते बोलून दाखवायला सांगितलं. कसलाही शेरा नाही, फक्त वर्णन.

ते म्हणाले, “खालचा ओठ आत गेलाय. आणि मान एका बाजूला वळलीये.”

दोन्ही बरोबर होतं. आईने करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवली. बाहेर आलेली बोंडी तिरकी, चपटी झाली होती. उथळ पकडीची ही नेहमीची खूण. पोटावरच्या टाक्यांवर भार पडू नये म्हणून बाळाला बगलेखाली, पाय मागे करून धरलं. बोंडी बाळाच्या नाकासमोर ठेवली, तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडेपर्यंत थांबलो आणि मग आधी हनुवटी लावून जवळ घेतलं.

इथे बाबांचा हात मदतीला पुढे आला आणि त्यांनी बाळाचं डोकं मागून स्तनाकडे दाबलं. बहुतेक बाबा हेच करतात. डोक्यामागून दाब आला की बाळ उलट मागे रेटा देतं, चिडतं, कधी जबडा आवळून धरतं. मग घरच्यांना वाटतं, बाळाला अंगावर प्यायचंच नाही. आधार द्यायचा तो खांद्यांच्या मधोमध आणि मानेच्या मुळाशी. डोकं किंचित मागे झुकायला मोकळं हवं. बाबांनी हात खाली सरकवला. दुसऱ्या प्रयत्नात पकड खोल बसली. आईचे खांदे खाली आले. दोन-तीन मिनिटांनी बाळाच्या गिळण्याचा आवाज आला, आणि तो आधी बाबांनी ऐकला.

दुखणं कमी झालं की पान्हा फुटायला मदत होते, हेही दोघांना सांगितलं. पान्हा ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे फुटतो. वेदना, भीती आणि ताण असला की तो अडतो. म्हणूनच पाजायला बसण्यापूर्वी आईच्या पाठीला नीट टेकू देणं, पाणी हाताशी ठेवणं, तिने डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी वेळेवर घेतली आहे ना ते बघणं, ही कामं किरकोळ नाहीत. दुधावर त्यांचा थेट परिणाम होतो.

वरचं दूध कमी करताना

बाबांना बाटली त्याच दिवशी बंद करायची होती. मी थांबवलं. निम्म्याहून जास्त दूध बाटलीतून घेणाऱ्या बाळाची बाटली एका झटक्यात काढली तर उपाशी राहील ते बाळच. बाळाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवलं ते असं: आधी अंगावर, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा. बाळ आळसावलं की आईने स्तन हलक्या हाताने दाबून दूध पुढे ढकलायचं. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं हाताने किंवा पंपाने दूध काढायचं. वरचं द्यायचं झालं तर आधी हे काढलेलं दूध आणि कमी पडलं तरच पावडरचं. दर दोन-तीन दिवसांनी वजन, आणि वजन वाढत असेल तर पावडरचं दूध टप्प्याटप्प्याने खाली.

बाटली देण्याची रीतही बदलली. बाळाला जवळजवळ उभं धरून, बाटली आडवी ठेवून, मध्ये मध्ये थांबत द्यायचं. म्हणजे बाळ स्वतःच्या गतीने पितं आणि पोट भरल्यावर थांबू शकतं. पंपाचे भाग प्रत्येक वापरानंतर सुटे करून गरम साबणाच्या पाण्याने धुणं आणि हवेवर वाळवणं बाबांकडे आलं. रात्री बाळ चुळबुळ करू लागलं की उचलून, लंगोट बदलून आईजवळ आणणं, आणि पिऊन झाल्यावर ढेकर काढून झोपवणं हेही त्यांच्याकडेच. आईने जागं व्हायचं ते फक्त पाजण्यापुरतं. रात्री दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन जास्त असतं, त्यामुळे रात्रीचं पाजणं वगळून आईची झोप वाचवणं महागात पडतं. त्याच्या आजूबाजूची सगळी कामं काढून घेतली तरी तिला बरीच झोप मिळते.

नवव्या दिवशी वजन २,७८० झालं. चौदाव्या दिवशी २,९२०. जन्माचं वजन परत यायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, त्यामुळे हे अगदी वेळेत होतं. तिसऱ्या आठवड्यात पावडरचं दूध थांबलं.

“मग मी काय करू?”

योजना सांगून झाल्यावर बाबांनी हा प्रश्न विचारला होता. कामांची यादी हातात असूनही. त्यांना विचारायचं होतं ते वेगळंच: बाटली देताना बाळ त्यांच्याकडे टक लावून बघत असे, आणि बाळाला आपली गरज आहे असं त्यांना दिवसभरात तेवढ्याच वेळी वाटत असे. ती बाटली आता जाणार होती.

बाबांचं हे दुःख खरं आहे आणि शिकवताना ते टाळून पुढे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. ज्या बाबांना बाळाशी जवळीक साधायचा दुसरा मार्ग दाखवला जात नाही, ते बाटलीकडे परत जातात आणि त्यांना दोष देता येत नाही. मी त्यांना शर्ट काढून बाळाला फक्त लंगोटावर छातीशी घ्यायला सांगितलं, वरून पांघरूण, बाळाचं नाक मोकळं. बाबांच्या उघड्या छातीवरही बाळाच्या अंगाची ऊब टिकते, श्वास संथ होतो, रडणं कमी होतं. सिझेरियननंतर आई सावरेपर्यंतच्या वेळात तर हे फार उपयोगी पडतं. बाळ तिथे पंधरा मिनिटांत झोपलं आणि बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक बाबांना विचारते: तुम्ही स्वतः कसे आहात? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात बाळाच्या जन्माच्या आगेमागे सुमारे दहा टक्के बाबांमध्ये नैराश्य आढळलं होतं. चिडचिड, झोप येण्याची संधी असूनही न येणं, कामात स्वतःला गाडून घेणं अशा रूपात ते दिसतं. हे बाबा दमलेले होते, खचलेले नव्हते. पण विचारल्याशिवाय ते कळलं नसतं.

वहीचा जाच

दूध सुरळीत झाल्यावर प्रकरण संपेल असं वाटलं होतं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी आईचा फोन आला. संध्याकाळी बाळ दोन-तीन तास सतत अंगावरच असे, सोडलं की रडे. या वयात संध्याकाळी असं लागोपाठ पिणं नेहमीचं असतं, आणि बाबांना ते माहीत होतं. त्यांनी घाबरून बाटली काढली नाही. वही उघडली, सात शू मोजल्या, वजन बघितलं आणि घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींना शांतपणे सांगितलं की बाळाला दूध पुरतंय. हे सगळं त्यांनी उत्तम केलं.

आईची तक्रार दुसरीच होती. “तो दिवसभर मला विचारतो, किती वेळा झालं, गिळलं का, तू नीट बसली नाहीस. मला वाटतं माझी परीक्षा चाललीये.”

शिकलेल्या बाबांबाबतीत हे घडतं. जे ज्ञान आधार व्हायला दिलं, त्याचा पहारा होतो. त्यात त्यांचा हेतू वाईट नसतो. बाळाच्या जिवाची काळजी असलेला माणूस हातात आलेलं मोजमाप सोडत नाही. पण स्तन आईचे आहेत आणि पाजायचं कसं, किती आणि कधीपर्यंत, हा निर्णयही तिचाच आहे. तिने उद्या थांबायचं ठरवलं तर बाबांचं काम तिच्या बाजूने उभं राहण्याचं आहे, हे मी दोघांसमोर बोलले. बाबांना हे ऐकणं जड गेलं. थोड्या वेळाने त्यांनी तिला विचारलं, “मी काय बंद करू?” ती म्हणाली, “वही.”

वजन व्यवस्थित वाढत असल्याने वहीची गरज संपलेलीच होती. तिच्याऐवजी एकच प्रश्न ठरला: “तुला आत्ता काय हवंय?” आणि त्याचं उत्तर येईल ते करायचं, त्यावर सल्ला द्यायचा नाही. कधी उत्तर असे ‘पाणी’, कधी ‘बाळाला घेऊन बाहेर जा’, कधी ‘काही नको, बस इथे’. धोक्याच्या खुणा मात्र दोघांनी लक्षात ठेवायच्या होत्या: बाळ पाजण्यासाठी जागंच न होणं, सहा-आठ तास शू न होणं, कावीळ वाढत जाणं, बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप. आईला थंडी वाजून ताप आणि स्तनावर लाल, दुखरा भाग. तिचं मन दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास राहणं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आला तर एक तासही न थांबणं.

बाबांना शिकवायचं कधी

इटलीतल्या नेपल्समध्ये २८० जोडप्यांवर झालेला एक प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. सगळ्या आयांना स्तनपानाचं मार्गदर्शन मिळालं. निम्म्या बाबांना त्याशिवाय सुमारे चाळीस मिनिटं स्तनपानातल्या नेहमीच्या अडचणी आणि त्यावरचे उपाय शिकवले. सहा महिन्यांनी पूर्ण स्तनपान सुरू असलेल्या आया त्या गटात २५ टक्के होत्या, दुसऱ्या गटात १५ टक्के. ज्यांना पाजताना अडचणी आल्या त्यांच्यात फरक याहून मोठा होता: २४ टक्के विरुद्ध साडेचार टक्के. मला हा दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. सगळं सुरळीत असतं तेव्हा बाबांच्या माहितीने फार फरक पडत नसेल. अडलेल्या रात्री पडतो.

त्यामुळे मी आता गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीतच बाबांना वेगळं बोलावते. स्तनपानाचे फायदे सांगण्यात वेळ घालवत नाही, ते त्यांना पटलेलेच असतात. बाहुली हातात देते, खाली बसवते आणि बाजूने काय दिसतं ते बोलायला लावते. लंगोटांचे रंग दाखवते. दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीबद्दल मात्र सविस्तर बोलते: बाळ खूप रडेल, ती म्हणेल दूध नाहीये, आणि तुम्हाला काहीतरी करावंसं वाटेल. तेव्हा आधी लंगोट मोजा, पकड बघा, बाळाला छातीशी घ्या, मदतीला फोन करा. वरचं दूध लागलंच तर ते वैद्यकीय सल्ल्याने द्या, आणि त्या प्रत्येक वेळी आईचं दूध काढलं जाईल हे बघा.

या बाळाचं सहाव्या आठवड्यातलं वजन ३,८०० ग्रॅम होतं. आई काही महिन्यांनी कामावर परतली. काढलेलं दूध खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस, हे वेळापत्रक बाबांनी सांभाळलं आणि दिवसाचं दूध ते स्वतः पाजू लागले, बाळाला जवळजवळ उभं धरून, थांबत थांबत. सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं अन्न सुरू झालं. अंगावरचं पाजणं सकाळ-संध्याकाळ आणि रात्री चालू होतं.